इंजिनातल्या अक्षता

एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉयला दोन-चार दणदणीत पाऊस झाले की रस्त्यांवरचं मीठ धुऊन जातं. बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर टाकलेलं हे मीठ गाड्यांचा पत्रा खातं, म्हणून इथली हौशी माणसं आपापल्या लाडक्या गाड्या तोवर गॅरेजमध्ये पांघरूण घालून झोपवून ठेवतात. मग एखाद्या शनिवारी लख्ख ऊन पडतं आणि आमच्या रांगेतली गॅरेजची दारं एकेक करत वर जायला लागतात. जुन्या पेट्रोलचा वास येतो, ओल्या सिमेंटचा येतो, कुठेतरी रेडिओ लागलेला असतो आणि बॅटरी उतरलेलं एखादं इंजिन खोकत असतं. या गावात निम्मी माणसं गाड्यांच्या धंद्यावर पोट भरतात आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा गाडीखालीच जाऊन आडवी होतात. मीही त्यांतलीच. पण ज्या आवाजांनी इतरांना उत्साह येतो, त्यांनी मला चोरट्यासारखं होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही.

दोन वर्षांपूर्वी, मेच्या शेवटी, मी माझ्या गाडीत दुसरं इंजिन बसवलं. पहिलं का गेलं, हे इथल्या सगळ्या मराठी मंडळींना ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे आणि ते अर्धंच ठाऊक आहे, माझं दुखणं तेच आहे.

गाडी लाल, दोन माणसांची, बिनटपाची. ती तयार मिळत नाही, पेटाऱ्यांतून सुट्या भागांनी येते. लोखंडी सांगाडा, फायबरची बॉडी आणि पिशव्या भरभरून नटबोल्ट. इंजिन आपलं आपण शोधायचं आणि सगळं घरी जोडायचं. नोकरीत मी इंजिनांच्या चाचण्या करते, म्हणजे खरं तर पडद्यावरच्या रेघा बघते. हाताला काळं लागून कितीतरी वर्षं झाली होती. म्हणून हे वेड घेतलं. माझा नवरा समीर पुण्याला शिकलेला, सॉफ्टवेअरवाला. पाना आणि पक्कड यांतला फरक त्याला लग्नानंतर कळला. ‘गाडी विकत घेतात यार मृणाल, स्वेटरसारखी विणत नाहीत,’ असं तो येता-जाता म्हणायचा. टॉर्च धरायला मात्र कायम हजर. भंगारात निघालेल्या एका गाडीचं इंजिन मी आणलं, साफसूफ केलं, बसवलं. ते गॅरेजमध्ये छान गुरगुरायला लागलं. गाडी रस्त्यावर न्यायची तेवढी राहिली होती, ती मिठामुळे.

त्याच वर्षी मार्चमध्ये समीरची आई नाशिकहून सहा महिन्यांसाठी आली. मीही त्यांना आईच म्हणते. आईंचा पाय घरात पडला की घर त्यांचं होतं. दोन दिवसांत माझा मसाल्याचा डबा जागा बदलून बसला, टॉवेलांच्या घड्या तिपदरी झाल्या, कुंडीतल्या तुळशीची माती बदलली गेली. ‘अगं, हे चहाचं पातेलं आहे की घंगाळ?’ ‘मृणाल, कोथिंबीर अशी पिशवीत कोंडून ठेवतात का कुणी?’ दिवसभर हे चालायचं. मी दात-ओठ खायची आणि संध्याकाळी त्यांच्या हातची ज्वारीची भाकरी खाऊन विसरायची. गॅरेजमध्येही त्या यायच्या. सगळ्याला हात लावून बघायच्या. ‘हे कशाला गं?’ ‘आणि हे बंद पडलं तर?’ गंज चढलेला एखादा बोल्ट उचलून पदरानं पुसायच्या आणि जागेवर ठेवायच्या. मला वाटतं, त्या घरात माझ्या गाडीवर मनापासून जीव असलेलं माझ्याखेरीज ते एकच माणूस होतं.

पाडव्याच्या दिवशी गाडी रस्त्यावर नाही तरी निदान तिची पूजा व्हावी, असं आईंच्या मनात होतं. साडेतीन मुहूर्तांतला एक, सोडायचा कसा? डेकच्या कठड्याला गुढी बांधली होती. कडुनिंब नव्हता, त्याची हौस कढीपत्त्यावर भागवली होती. मी सकाळी लवकर गॅरेजमध्ये उतरले. टॅपेट, म्हणजे झडपा हलवणारे भाग, जरा वाजत होते, ते सेट करायला मी इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण काढलं. झाकणाखालचं रबराचं पॅकिंग चिरलेलं निघालं. नवीन आणायला मी तशीच दुकानात गेले. तशीच, म्हणजे इंजिन उघडं टाकून. साधं फडकंसुद्धा वर घातलं नाही. उघडं इंजिन झाकल्याशिवाय जागचं हलायचं नाही, ही या कामातली पहिली शिकवण आहे. नवीन आलेल्या पोरांना ती मी स्वतः दटावून सांगते.

मी परत आले तेव्हा गॅरेज झाडून काढलेलं होतं. गाडीपुढे रांगोळीचं छोटं स्वस्तिक होतं, उदबत्ती जळत होती. इंजिनाला हळदकुंकू लागलं होतं आणि शेजारी एक झेंडूचं फूल. मला एकदम भरून आलं. ऑफिसात माझ्या कामावर शेरे मारणारे पुष्कळ होते, पण त्याला कुणी फूल वाहिलं नव्हतं. उघड्या इंजिनाच्या कडेवर कुंकवानं ओले झालेले तीन-चार तांदळाचे दाणे होते. ते मी बोटानं उडवले. मूठभर अक्षतांतले तीन-चारच दाणे दिसतात, मग बाकीचे कुठे गेले? हा प्रश्न माझ्या मनात आला, नाही असं नाही. आत वरून खालच्या चेंबरपर्यंत तेल उतरायला भोकं असतात आणि त्यांतून तांदूळ आरामात जातो, हे मला झोपेतही सांगता येईल. पण विचारायचं कसं? सणाच्या दिवशी, आमच्याकडच्या त्यांच्या पहिल्याच पाडव्याला, एवढ्या हौसेनं केलेल्या पूजेवर ‘आई, अक्षता नेमक्या कुठे टाकल्यात?’ असं विचारायचं? ते बरं दिसलं नसतं. बरं दिसावं म्हणून मी झाकण लावून टाकलं. आत जाऊन त्यांना वाकून नमस्कार केला आणि श्रीखंड-पुरी जेवले.

या एका गोष्टीचा मी फार विचार केला आहे. ऑफिसात कुणाच्याही कामातल्या चुकीवर मी सरळ बोट ठेवते, साहेबाच्यासुद्धा. घरात मात्र देवाधर्माचं काही आलं की आपण सगळेच सौजन्याचे पुतळे होतो. मनातली शंका गिळून प्रसाद खातो.

दोनेक आठवड्यांनी पाऊस झाला, मीठ गेलं. मी गाडी बाहेर काढली. समीर शेजारी. आई दारात उभं राहून हात हलवत होत्या. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत सगळं ठीक होतं, मग तेलाचा लाल दिवा लागला. मी गाडी बाजूला घेईपर्यंत खालून ठोकल्यासारखा आवाज आला आणि इंजिन जाम झालं. गाडी दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून घरी आली. दुसऱ्या दिवशी मी खालचं चेंबर उघडलं. तेल ओढून घेणाऱ्या जाळीवर तपकिरी झालेले तांदळाचे दाणे, कुंकवाच्या लगद्यानं घट्ट चिकटलेले. इंजिनाला तेलच मिळालं नव्हतं.

समीरला हसू फुटलं. तो खाली बसून हसला. मीही हसले. मला आतून संताप आला होता आणि संतापाला दुसरी वाट नव्हती. आवाज ऐकून आई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या.

‘काय झालं रे?’

‘आई, तू इंजिनात पुलाव लावलास!’ समीर म्हणाला आणि त्यानं जाळी त्यांच्यापुढे धरली.

आईंनी जाळी हातात घेतली. तांदूळ निवडताना बघतात तसं जवळ नेऊन बघितलं. बोटानं एक दाणा सुटा केला.

‘माझ्यामुळे?’ त्यांनी विचारलं.

त्या माझ्याकडे बघून विचारत होत्या. मी म्हणाले, ‘जाऊ दे आई, होतं असं.’ वरवर बघता किती समंजस उत्तर! त्यात ‘नाही’ कुठेच नव्हतं.

मग मे महिन्यात एका घरी इथल्या मराठी मंडळातल्या पंधरा-वीस जणांचं जेवण होतं. समीरला गोष्ट सांगता येते, हे त्याचं वैशिष्ट्य आहे आणि व्यसनही. त्यानं ती सुरू केली. उदबत्ती, स्वस्तिक, कुंकू, लाल दिवा, सगळं. ‘अमेरिकेतलं पहिलं इंजिन, जे नैवेद्य खाऊन गेलं,’ असं म्हणाला तेव्हा लोक भिंतीला टेकले. आईही पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसण्याशिवाय त्या काय करणार? हसता हसता रिटायर झालेले डॉक्टर देशमुखकाका माझ्याकडे वळले.

‘काय गं मृणाल, तू एवढी इंजिनवाली! चेक नाही केलंस?’

सांगायला ती जागा होती. फडकं घातलं नव्हतं, दाणे दिसले होते, दोन वाक्यांत झालं असतं. समीरलाही यातलं काही माहीत नव्हतं. मी म्हणाले, ‘अहो काका, मी घरी असते तर ना! पॅकिंग आणायला गेले तेवढ्यात कार्यक्रम उरकला होता.’ पुन्हा हशा. आईंच्या बाजूला मी मुद्दाम बघितलं नाही. शेजारच्या काकूंनी त्यांच्या पाठीवर थाप मारलेली तेवढी ऐकू आली.

त्यानंतर आई घरात विचारायला लागल्या. पहिल्यांदा माझ्या लक्षातच आलं नाही. ‘मृणाल, कुकरला हात लावू का?’ ‘हा टॉवेल घेऊ का?’ ‘कुंडीला पाणी घालू का, की तू घालणार आहेस?’ मसाल्याचा डबा एक दिवस पुन्हा माझ्या जुन्या जागेवर आला. खोटं कशाला बोलू, मला ते बरं वाटलं. माझं स्वयंपाकघर मला परत मिळालं होतं. मी मैत्रिणीला फोनवर सांगितलंसुद्धा, की आमच्याकडे आता फार शांत आहे. ती शांतता कशातून आली होती, ते मला चांगलं माहीत होतं.

बदली इंजिन मेच्या शेवटी आलं. लाकडी पाटावर पट्ट्यांनी बांधलेलं, पोटात नव्या तेलाचा वास असलेलं. इंजिन उचलायची क्रेन आम्ही भाड्यानं आणली. झाडांना पानं फुटली होती, समोरच्या घरात गवत कापत होते, त्याचा हिरवा वास गॅरेजभर पसरला होता. आई घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. पूर्वीसारख्या गाडीपाशी नाहीत, पार दाराच्या रेघेवर. हात मांडीत एकमेकांत गुंतवलेले.

इंजिन बसवणं हे जोराचं काम वाटतं, पण ते खरं तर समजुतीचं आहे. साखळीला लोंबकळणारं ते धूड इंच इंच खाली सोडायचं, थोडं पुढे, थोडं डावीकडे. गिअरबॉक्सचा दांडा क्लचच्या मधोमध सरळ गेला पाहिजे. जरा कोन चुकला तर जात नाही आणि जोर केला तर मोडतं. समीर साखळी सोडत होता, मी गाडीखाली उताणी पडून वाट दाखवत होते.

‘थोडं सोड... थांब. थांब म्हटलं ना!’

‘अगं, थांबलोय.’

‘उजवीकडे हलव. माझ्या उजवीकडे!’

सगळी दुपार गेली. शेवटी खट् करून ते एकदाचं आत बसलं. मी खालूनच ओरडले. बोल्ट आवळले, उठले, हात पुसले आणि बॅटरीला जोडून बघते तर काहीच नाही. चढून वाकून पाहिलं, तर स्टार्टरकडे जाणारी जाड वायर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये चेंगरून चपटी झाली होती. म्हणजे बोल्ट काढा, इंजिन पुन्हा वर उचला, सगळं पहिल्यापासून.

मी समीरवर चिडले. ‘वरून तुला एवढी वायर दिसली नाही?’

‘मी साखळी बघू की वायर?’ तो म्हणाला.

दाराकडून आईंचा आवाज आला. ‘मला दिसली होती. अडकत होती ती.’

आम्ही दोघंही वळलो. मी म्हणाले, म्हणजे जवळजवळ ओरडलेच, ‘मग बोलायचं ना आई!’

‘म्हटलं, तुमचं काम आहे. आपण कशाला मध्ये बोला.’

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. चहाच्या पातेल्यावरून मला चारदा बोलणारी बाई डोळ्यांदेखत वायर चेंगरताना बघत गप्प बसली होती, कारण या घरात आपलं काही चुकेल याची तिला धास्ती बसली होती. ती धास्ती मी घातली होती. हातातलं फडकं मी पिळत राहिले, त्यातून काळं तेल मनगटावर आलं. त्या क्षणी खरं सांगायला तिथे आम्हा तिघांखेरीज कुणी नव्हतं. पण इंजिन अर्धवट होतं, ऊन उतरत होतं, क्रेन परत करायची होती. सबबी हव्या तेवढ्या मिळतात. मी पुन्हा गाडीखाली गेले.

दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू झालं. पहिल्याच फटक्यात, कुठे खरखर नाही. समीर उत्साहानं म्हणाला, ‘आई, नारळ तरी फोडू या. बाहेर, चाकापाशी.’ आई म्हणाल्या, ‘नको रे बाबा. चालतंय ना, चालू दे.’ आणि आत गेल्या. मी एकटीच गाडी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेले. अंगाखाली नवं इंजिन धडधडत होतं, तोंडावर वारा होता, आणि मी खूश होते. खूश होते याचीच लाज वाटत होती. सप्टेंबरात आई परत गेल्या. विमानतळावर मला जवळ घेतलं, नेहमीसारखं. ‘सांभाळून चालव गं’ म्हणाल्या. पुन्हा यायचा विषय काढला की ‘गुडघे आता साथ देत नाहीत’ म्हणतात. गुडघे दुखत असतीलही.

गाडी आजही उत्तम चालते. सिग्नलला अनोळखी माणसं काचा खाली करून विचारतात, कुठली गाडी? मी घरी बनवली सांगते, ते अंगठा दाखवतात. जास्त तापणारं इंजिन कोण, मी की ते, असं समीर अजून चिडवतो. मी हसते. हसण्यात मी तरबेज झाले आहे.

यंदाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात नागपूरचं एक नवं जोडपं भेटलं. न्यू जर्सीतल्या आयसेलिनहून नुकतंच इकडे बदली होऊन आलेलं. मी गाड्यांच्या क्षेत्रातली आहे म्हटल्यावर त्यातल्या मुलीचा चेहरा उजळला.

‘अय्या, मग तुम्हाला तो किस्सा माहीत असेल! तिकडे न्यू जर्सीत पण फेमस आहे. इथल्याच कुणाची तरी सासू, एकदम गावाकडची, तिनं म्हणे इंजिनात किलोभर तांदूळ ओतला. देवाला लिटरली भात!’

आमच्या आई नाशिकच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या आहेत. मूठभर अक्षतांचा किलो झाला होता आणि बाईंची अडाणी म्हातारी झाली होती. माझ्या हातात पन्ह्याचा ग्लास होता. मी म्हणाले, ‘हो का?’ एवढंच. दोन वर्षं पश्चात्ताप करून माझी मजल एवढीच गेली होती.

घरी आले ती साडी न बदलता गॅरेजमध्ये गेले आणि तिथूनच नाशिकला फोन लावला. इथे शनिवारची संध्याकाळ, तिकडे रविवारची सकाळ. या वेळी सांगायचंच असं ठरवून लावला होता.

‘आई, मला तुमच्याशी एक बोलायचं होतं. त्या अक्षतांबद्दल.’

‘अगं, अक्षता म्हटलंस आणि आठवलं,’ त्या एकदम हसून म्हणाल्या. ‘परवा भजनी मंडळात गंमत झाली. आमच्या कुलकर्णीबाईंची लेक तिकडेच असते ना, न्यू जर्सीला. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, अमेरिकेत एका सासूनं इंजिनात तांदूळ घातले म्हणून. इतक्या हसल्या सगळ्या! एक तर म्हणाली, अशा बायकांना नेतात कशाला तिकडे. मीही हसले.’

मी विचारलं, ‘तुम्ही सांगितलं नाहीत? की ते तसं नव्हतं?’

‘सासू मी म्हटलं की सून कोण, ते लगेच कळलं असतं की.’ त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. ‘मग निघालं असतं, एवढी इंजिनिअर सून आणि इंजिन उघडं टाकून गेली. वर दाणे दिसले तरी काही विचारलं नाही. मी तेव्हा दारातच उभी होते गं, तू बोटानं उडवलेस ना. आता आपल्या माणसाचं असं चारचौघींत काढतात का?’

मी गाडीवर हात टेकवून उभी होते. गॅरेजच्या दारातून शेजाऱ्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज येत होता. तिकडे त्या थांबल्या, आणि मग फोन कट झाला असं समजून, ‘हॅलो? मृणाल? हॅलो?’ असं म्हणत त्यांनी फोन ठेवून दिला.